आईच्या वतीनं

"सिस्टर माळवदे," दादा म्हणाला, "स्वर्गीय पित्यावर, त्याचा पुत्र येशू ख्रिस्त याच्यावर आणि पवित्र आत्म्यावर तुमची श्रद्धा आहे का?"

"तू मला 'तुम्ही' कधीपासून म्हणायला लागलास?"

"या खोलीत असंच विचारायचं असतं. उत्तर दे."

तासाभरापूर्वी, मी ओली छत्री सीटवर ठेवली म्हणून, त्यानं मला गाडीत झापलं होतं. आता तो टाय सरळ करून टेबलापलीकडे बसला होता. समोर छापील कागद होता. प्रश्न त्याला पाठ होते, तरी त्याचं बोट ओळीवरून सरकत होतं, शाळेत धडा वाचताना सरकायचं तसं.

ही २०११ च्या ऑगस्टमधली गोष्ट. मी अठ्ठावीस वर्षांची होते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते आणि पपा, दादा, वहिनी यांच्याबरोबर राहत होते. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात ते आम्ही. आमचं चर्च म्हणजे चिंचवडला एका औषधांच्या दुकानावरचा भाड्याचा हॉल, साठ खुर्च्या, एक कीबोर्ड आणि ही खोली. आमच्यात पगारी धर्मगुरू नसतो, सभासदांपैकीच कुणावर तरी जबाबदारी येते. दोन वर्षांपूर्वी ती दादावर आली होती. आठवडाभर तो कंप्रेसर विकायचा आणि रविवारी आमचा प्रेसिडेंट असायचा.

मुलाखत हाँगकाँगसाठी होती. आमचं मंदिर तिथे आहे, आम्हाला सगळ्यांत जवळचं तेच. चर्चमध्ये कुणीही येऊन बसू शकतं, मंदिरात मात्र शिफारसपत्राशिवाय शिरता येत नाही, आणि ते पत्र या प्रश्नांना मनापासून 'हो' म्हटल्यावर मिळतं. सप्टेंबरमध्ये पपा, दादा, वहिनी आणि मी असे चौघं जाणार होतो. तिकिटं काढून झाली होती.

आमच्या पंथात मेलेल्या माणसाचाही बाप्तिस्मा करता येतो. त्याच्या जागी जिवंत माणूस पाण्यात उतरतो. बाईच्या जागी बाई, पुरुषाच्या जागी पुरुष. मेलेल्याचं नाव घेतात, त्याच्या वतीनं म्हणून शब्द उच्चारतात आणि उतरलेल्याला पूर्ण बुडवून वर काढतात. तेव्हाच्या नियमानं मृत्यूनंतर एक वर्ष जावं लागे. जुलैमध्ये आईला जाऊन वर्ष झालं होतं.

आईच्या वतीनं मी उतरायचं, हे घरात कुणी ठरवलं नव्हतं. ते ठरलेलंच होतं.

"वैजू," दादा म्हणाला. "बाहेर अजून तिघं थांबलेत."

मी म्हटलं, "पहिला प्रश्न राहू दे. पुढचे विचार."

"पहिला सोडून पुढचे विचारता येत नाहीत."

"मग माझं उत्तर नाही असं आहे."

त्यानं बोट उचललं. खोलीत रिकाम्या खुर्च्यांची एक चळत होती आणि खालच्या दुकानातला औषधांचा वास जिन्यातून वर यायचा. दादानं उठून दार नीट लागलंय का ते पाहिलं आणि परत येऊन बसला. हळू आवाजात तो म्हणाला की आई गेल्यापासून माझं मन थाऱ्यावर नाही हे त्याला दिसतंय, त्याचंही नाही, आणि अशा वेळी माणसाला प्रार्थना जमत नाही. हे तो प्रेसिडेंट म्हणून म्हणत नव्हता. आईच्या खाटेशी आम्ही दोघांनी पाळी लावून रात्री काढल्या होत्या, ते त्याच्या आवाजात होतं.

मी त्याला सांगितलं की हे आई गेल्यापासूनचं नाही. सहा-सात वर्षांचं आहे. आधी वाटलं वाचनामुळे होतंय, म्हणून वर्षभर धर्माच्या पुस्तकांशिवाय काही वाचलं नाही, तर ते वाढलंच. मी गुडघे टेकून विचारलं, उपास करून विचारलं. पलीकडून कधी काही आलं नाही.

"हे तू मला आज सांगतेयस?"

"तू आज विचारलंस."

तो बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत राहिला. मग म्हणाला, "आईसाठी हो म्हण. तुझं काय ते आपण नंतर बघू. मी तुझा भाऊ आहे, मी सही करतो."

"पुढे प्रामाणिकपणाचा एक प्रश्न आहे ना त्यात?"

"आहे."

"तोही तूच विचारणार?"

त्यानं कागद उलटा ठेवला. मला वाटलं तो चिडेल, पण तो फक्त थकलेला दिसला. मग सुवार्ता उतरेल आईसाठी, तो म्हणाला. सुवार्ता म्हणजे माझी वहिनी.

मी म्हटलं की कुणीच उतरू नये. आईनं पंचवीस वर्षं बाप्तिस्मा घेतला नाही, तिला घ्यायचा असता तर तिनं घेतला असता.

"आईनं बाप्तिस्म्याला नाही म्हटलं नव्हतं," दादा म्हणाला. "पाण्याला म्हटलं होतं. आता तिला उतरायचंच नाहीये."

मी छत्री घेतली आणि खाली उतरले.

पपांना कंपनीनं १९८५ साली आठ महिन्यांसाठी सिंगापूरला पाठवलं होतं, नवी मशिनं शिकायला. तिथे एका संध्याकाळी पांढऱ्या शर्टातली दोन मुलं, आमच्या चर्चचे प्रचारक, त्यांच्या दाराशी आली. पपा तेव्हा एकटे होते, भाषा धड येत नव्हती, खानावळीचं जेवण पटत नव्हतं. त्या मुलांनी त्यांचं ऐकून घेतलं. पपा परतले ते बाप्तिस्मा घेऊन, आणि सिगारेट सोडून. आईला पहिल्या आठवड्यात फक्त दुसरी गोष्ट खरी वाटली आणि ती खूश झाली.

आम्ही मुलं आठ वर्षांची झालो तसे आमचे बाप्तिस्मे झाले. दादा नऊ वर्षांचा होता, त्याचा लगेच झाला. त्या वेळी इथे हौद नव्हता, म्हणून एका क्लबाचा पोहण्याचा तलाव सकाळी सहा ते सात भाड्यानं घेत. पांढरे कपडे आई शिवायची. ती शिंप्याची लेक आणि शिंप्याची सून. झगा पाण्यावर तरंगू नये म्हणून काठात शिशाचे तुकडे घालायचे, हे तिनं स्वतः शोधून काढलं होतं. चर्चमधल्या प्रत्येकाच्या अंगावर त्या दिवशी आईच्या हातची शिवण असायची. ती मात्र टॉवेलांचा गठ्ठा छातीशी धरून तलावापासून चार पावलं मागे उभी राहायची.

तिला पाण्याची भीती होती. हे सगळ्यांना माहीत होतं. तिचा धाकटा भाऊ लहानपणी प्रवरेत बुडाला होता. पपांनी कुणालाही ओळख करून देताना हे सांगावं आणि समोरच्याचा चेहरा मऊ व्हावा. अमेरिकेहून प्रचाराला आलेली विशीतली मुलं तिला मोडक्यातोडक्या मराठीत म्हणायची, "इंदूताई, पाणी फक्त कमरेपर्यंत. आम्ही हात सोडणार नाही." आई म्हणायची, पुढच्या वर्षी बघू. आणि त्यांच्या ताटात आणखी एक पोळी वाढायची.

घरात चहा फक्त तीच प्यायची. आम्हाला चहा-कॉफी वर्ज्य. दुपारी साडेतीनला ती स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून एक कप प्यायची आणि कप लगेच धुऊन ठेवायची. पपांनी एकदा तिला मंदिरातल्या बाप्तिस्म्याच्या हौदाचं चित्र दाखवलं. तो हौद बारा दगडी बैलांच्या पाठीवर असतो. आईनं चित्र नीट पाहून विचारलं होतं, "पोळ्याला यांची शिंगं रंगवतात का?" पपा दोन दिवस बोलले नव्हते, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच हसले होते.

ती गेली किडनीच्या आजारानं. चहाचा डबा अजून फळीवर होता. घरात पिणारं कुणी नव्हतं आणि फेकून देणारंही.

त्या रविवारी आम्ही घरी आलो तेव्हा दीड वाजला होता. वहिनीनं सकाळीच मसालेभात करून ठेवला होता, तो गरम करेपर्यंत पपांनी टेबलावर कार्डं मांडली. पुरुषांची निळी, बायकांची गुलाबी. प्रत्येकावर एक नाव. पपा निवृत्त झाल्यापासून पूर्वजांच्या मागे होते. नाशिकला आमच्या घराण्याचे तीर्थोपाध्ये आहेत, त्यांच्या वह्यांत कोण कधी कुणाचे दिवस घालायला आलं होतं ते लिहिलेलं असतं. पपांनी तिथे तीन फेऱ्या मारून सहा पिढ्या काढल्या होत्या. ज्या धर्मातून ते बाहेर पडले त्याच्या वह्यांवरून ते या धर्मासाठी नावं लिहून आणत, आणि यात त्यांना काहीच विचित्र वाटत नसे. उपाध्येबुवांनाही वाटलं नव्हतं. त्यांनी दक्षिणा घेतली आणि चहा विचारला.

आठ निळी, सात गुलाबी. आईचं कार्ड सगळ्यात वर होतं. इंदुमती त्र्यंबक माळवदे.

वहिनीनं भांडं टेबलावर ठेवता ठेवता दादाकडे पाहिलं आणि तिला कळलं. ती नगरकडच्या जुन्या ख्रिस्ती घरातली, लग्नाआधी आमच्या चर्चमध्ये आलेली, बोलायला फटकळ.

"म्हणजे सगळ्या मीच," ती म्हणाली. "एक सासू पुरली नाही, तर तिच्या सासूपासून वरच्या सगळ्या माझ्याच अंगावर."

पपांनी विचारलं, वैजू का नाही. दादा ताटाकडे बघत म्हणाला की तिची तयारी नाही. पपांनी कसली तयारी म्हणून विचारलं. दादानं पाण्याचा पेला पुढे ओढला. त्यानं खोलीतलं बोलणं खोलीबाहेर काढलं नाही, ही त्याची सचोटी होती, आणि मला त्या क्षणी तीही नकोशी झाली, कारण त्यामुळे बोलायचं माझ्यावर आलं.

पण पपांनीच आधी तोंड उघडलं. त्यांनी माझ्या ताटात भात वाढला, पाठीवर हात ठेवला आणि हलक्या आवाजात विचारलं, "बाळ, तुलाही पाण्याची भीती वाटते का?"

मी चमचा खाली ठेवला.

"आईची भीती तुझ्यात उतरली असेल," ते म्हणाले. "मला आधी लक्षात यायला हवं होतं. तू आठ वर्षांची असताना बाप्तिस्म्याच्या वेळी किती थरथरत होतीस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तू काठावर उभी राहा नुसती. सुवार्ता उतरेल."

वहिनीचाही चेहरा मऊ झाला. ती म्हणाली, तसं असेल तर मला काही नाही, मी करते. दादानं मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी होती. हो म्हण, ती नजर म्हणत होती. एवढंच म्हण.

म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं. पुढच्या रविवारपासून लोकांनी मला समजून घेतलं असतं. मी टॉवेल धरून उभी राहिले असते.

"मला भीती वाटत नाही, पपा," मी म्हटलं. "आईलाही वाटत नव्हती."

"तुला माहीत नाही. तिचा भाऊ…"

"तो बुडाला हे खरं आहे. म्हणूनच आजोबांनी उरलेल्या तिघी बहिणींना पोहायला शिकवलं. आईला पोहता येत होतं."

पपा हसले. लहान मुलाच्या चुकीवर हसतात तसे. ते म्हणाले, लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, मला माहीत नसतं का. मी म्हटलं, तुम्ही पंचवीस वर्षांत तिच्या माहेरी गेला नाहीत. हे बोलायला नको होतं, पण ते खरं होतं. पपांनी धर्म बदलल्यावर आजोळच्यांनी त्यांना बोलावणं बंद केलं होतं, आणि आई आम्हाला घेऊन एकटीच जायची.

"कुणी सांगितलं तुला?" पपांनी विचारलं.

"मी पाहिलंय."

मग मी सांगितलं. मी पंधरा वर्षांची होते. आजी गेली होती, तिच्या दिवसांसाठी आम्ही गेलो होतो. अकराव्या दिवशी सकाळी आई आणि मावशी आजीच्या अंथरुणातल्या गोधड्या धुवायला नदीवर गेल्या, मीही गेले. मावशीच्या हातून एक गोधडी सुटली आणि धारेला लागली. मावशीनं हाक मारायच्या आत आईनं पदर खोचला होता. ती दगडावरून आत गेली आणि मग पाय टेकेनासे झाले तरी जातच राहिली. डोकं वर, हात पाण्याखाली, आवाज न करता. बरीच खाली जाऊन तिनं गोधडी गाठली, एका हातानं तिचं टोक धरलं आणि तिरकी तिरकी काठाला आली. मी काठावरून पळत होते आणि रडत होते. मावशी कपडे आपटत होती. तिला काही विशेष वाटलं नव्हतं.

सांगून झालं तेव्हा टेबलावर कुणी जेवत नव्हतं. वहिनीच्या हातातला डाव तसाच होता.

पपांनी विचारलं, "डोकं वर ठेवून?"

"हो."

"आणि गोधडी ओली. ती केवढी जड होते." त्यांनी हातानं वजन केल्यासारखं केलं. "पाणी किती होतं?"

"दिवाळीनंतरचं. पुष्कळ होतं."

त्यांनी आणखी विचारलं, कुठलं पातळ होतं, दम लागला होता का, बाहेर आल्यावर काय केलं. मी सांगितलं की तिनं केस पिळले आणि गोधडीला घाण लागली का ते पाहिलं. पपा ऐकत होते, डोळे माझ्याकडे नव्हते. त्यांना ते पाहायला मिळालं नव्हतं, आणि आता ते पाहत होते.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला, ज्याचं उत्तर माहीत असून मी तेरा वर्षं गप्प होते. "मग मला असं का सांगितलं तिनं?"

दादा म्हणाला, "वैजू, पुरे."

पण मला आता थांबायचं नव्हतं. पंधराव्या वर्षी मी चर्चच्या मुलींच्या वर्गात सगळ्यांत पुढे बसणारी होते. आई आयुष्यभर खोटं बोलत आली हे कळून मी त्या काठावर हादरून गेले होते, आणि हाच प्रश्न मी तिला विचारला होता. ती ओल्या कपड्यांत दगडावर बसली होती. तिनं मला जे सांगितलं ते मी पपांना तिच्याच शब्दांत सांगितलं.

"ती म्हणाली, 'मला पटत नाही म्हटलं असतं, तर ते रोज समजावत बसले असते. घाबरते म्हटलं की लोकांना दया येते आणि ते गप्प बसतात.'"

पपांनी चमचा सरळ करून ठेवला. "काय पटत नव्हतं?"

आमच्यात लग्न मरणापाशी संपत नाही. मंदिरात नवरा-बायकोला एकमेकांशी कायमचं जोडतात, काळाच्या अंतापलीकडे. त्यासाठी आधी दोघांचा बाप्तिस्मा हवा. हाँगकाँगला आईचा बाप्तिस्मा ही पहिली पायरी होती, आणि पपा खरे कशासाठी चालले होते ते टेबलाभोवती सगळ्यांना ठाऊक होतं.

"मीही तेच विचारलं," मी म्हटलं. "मी म्हटलं, आई, तुला आमच्याबरोबर कायमचं राहायचं नाही का. तर म्हणाली, 'लहानपणी वडाला दोरा गुंडाळून सात जन्म मागायला लावायचे. आता हे अनंतकाळ म्हणतात. सात तरी मोजून संपतात.'"

वहिनीच्या तोंडून हसू निसटलं आणि तिनं पटकन तोंडावर हात ठेवला. पण पपाही हसले. ते अचानक आणि मोठ्यानं हसले, कारण ते वाक्य आईचंच होतं, दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं, आणि वर्षभरात आम्ही तिचं नवीन असं काही ऐकलं नव्हतं. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

"अजून काय म्हणाली?"

"म्हणाली, 'तुझे पपा चांगले आहेत. हा जन्म मी त्यांच्याबरोबर मनापासून काढतेय. पण मेल्यानंतरची मी माझी माझी असू दे.' आणि तुम्हाला सांगायचं नाही म्हणाली."

"आणि तू सांगितलंस."

"तुम्ही तिला नेणार होतात म्हणून."

दादा आता बोलला. त्यानं शांतपणे, अगदी धड्यातल्यासारखं समजावलं की बाप्तिस्मा कुणावर लादला जात नाही. आपण फक्त दार उघडतो. तिकडे तिला सगळं कळलेलं असेल, घ्यायचा तर ती घेईल, नाही तर नाही म्हणेल. तिचा हक्क तिच्याकडेच राहतो. हे आमच्या शिकवणीत खरोखर आहे, आणि तो ते मनापासून म्हणत होता.

"ती पंचवीस वर्षं नाही म्हणाली, दादा," मी म्हटलं. "पोळ्या लाटता लाटता, टॉवेल धरून, तुमचे कपडे शिवून देऊन. मेल्यावरही तिनं नाहीच म्हणत बसायचं का? तिथे तरी तिला कुणी विचारू नका."

"तुझा तर 'तिथे' वर विश्वासच नाही."

"नाही."

पपांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते आत्ता कळलं होतं, जेवणाच्या टेबलावर, बोलण्याच्या ओघात. मी नजर खाली घेतली नाही. बायको आणि लेक, दोघी एकाच दुपारी हातातून गेल्यासारखा तो चेहरा होता, पण मी नजर खाली घेतली नाही.

त्यांनी गुलाबी कार्ड उचललं. जवळ धरलं, लांब धरलं. सहासष्ट वर्षांच्या त्या माणसानं गेलं वर्षभर रोज पहाटे उठून प्रार्थना केली होती ती याच एका कार्डासाठी. मृताचा जोडीदार हयात असेल तर परवानगी त्यानंच द्यायची असते. माझ्या हातात काहीही नव्हतं.

"मग मी तिकडे एकटाच राहायचं?" त्यांनी विचारलं.

दादानं माझ्याकडे पाहिलं, वहिनीनं पाहिलं. मी म्हणू शकले असते की तिकडे काही नाही, पपा. म्हणू शकले असते की देव काहीतरी करेल. यातलं पहिलं त्यांना पटलं नसतं आणि दुसरं मला.

"हो, पपा," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. मग कार्ड शर्टाच्या खिशात ठेवलं आणि वहिनीला म्हणाले, भात निवला, जरा गरम कर.

सप्टेंबरमध्ये ते तिघं गेले. माझं तिकीट रद्द केलं. मी ते आठ दिवस सकाळी ग्रंथालयात जायचे, संध्याकाळी घरी येऊन एकटीपुरतं पिठलं करायचे आणि फोनची वाट पाहायचे नाही असं ठरवून पाहायचे. दादानं रोज फोन केला, हवेबद्दल आणि खाण्याबद्दल बोलला. मंदिराबद्दल तो एक शब्द बोलला नाही आणि मीही विचारलं नाही.

ते परतले त्या दिवशी वहिनी म्हणाली की पाणी कोमट होतं आणि नाकात गेलं. दादा आंघोळीला गेला. पपांनी हातपाय धुतले, माझ्यासमोर बसले आणि मंदिरातून आणलेली कार्डं एकेक करून टेबलावर ठेवत वाचू लागले. आठ निळी वाचून झाली. मग गुलाबी. सगुणा. भागीरथी. रखमा. ठकूबाई. मथुरा. गोजरा. प्रत्येक नाव त्यांनी सावकाश वाचलं, कोण कुणाची सून ते सांगितलं. सहा झाल्यावर त्यांचे हात रिकामे होते.

आईचं कार्ड त्यांत नव्हतं. आईसाठी मी भांडले होते, आणि पपांना मला गप्प बसवता आलं असतं, पण त्यांनी तसं केलं नव्हतं. तिथेच थांबायला हवं होतं. मला थांबता आलं नाही.

"यांना कुणी विचारलं होतं, पपा?"

पपांनी कार्डं गोळा केली, कडा जुळवल्या आणि रबर लावलं.

"नाही," ते म्हणाले. "यांच्या वतीनं नाही म्हणणारं कुणी उरलं नव्हतं."